कमी पाण्यात फुलणारे 'ऑफिस टाईम'

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जनावरांना व भाजीच्या वाफ्यांनाच जेमतेम पुरते. त्यामुळे घरापुढील मोकळी जागा उघडी राहून माती उडते. हिरवळ लावावी तर तिला वारंवार पाणी हवे. अशा जागेसाठी 'ऑफिस टाईम' ऊर्फ चिनी गुलाब हे जमिनीलगत पसरणारे फुलझाड उपयुक्त आहे. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे झाड आपल्या घोळ भाजीच्या कुळातील आहे. रसदार पाना-खोडांत पाणी साठवत असल्याने ते ताण सहन करते. फुले ऊन चढल्यावर उमलतात व दुपारनंतर मिटतात, म्हणून हे नाव पडले.

जागा व जमीन : दिवसातून किमान ६ तास ऊन मिळणारी, निचऱ्याची जागा निवडावी. सावलीत फांद्या नुसत्या लांबतात, फुले कमी येतात. भारी काळ्या जमिनीत वाळू मिसळून १५ सें.मी. उंचीचा गादीवाफा करावा.

लागवड : फेब्रुवारी-मार्चमध्ये ८ ते १० सें.मी. लांबीचे निरोगी फाटे खालची पाने काढून २० × २० सें.मी. अंतरावर लावावेत. एक चौरस मीटरला २५ फाटे लागतात. वाफा करताना थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. नत्र जास्त झाल्यास पाला वाढून फुले घटतात.

पाणी व निगा : फाटे रुजेपर्यंत माती ओलसर ठेवावी. त्यानंतर वरची माती वाळल्यावरच पाणी द्यावे. मोरीचे पाणी या वाफ्यात सोडू नये. हे झाड पाण्याच्या तुटवड्यापेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर कुजते. फांद्या विरळ झाल्यास एकतृतीयांश छाटाव्यात. छाटलेले फाटे मोकळ्या जागी लावता येतात. पावसाळ्यापूर्वी काही फाटे कुंडीत लावून भरपूर उजेडाच्या पण पाऊस न लागणाऱ्या जागी ठेवावेत. त्यामुळे पुढील हंगामाचे रोप घरचेच राहते.

एक खबरदारी : अनेक ठिकाणी याऐवजी पिवळ्या फुलांची वेडेलिया लावतात. तीही फारशी निगा मागत नाही. पण तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात व ओलावा धरून ती पाटाच्या कडेने बांधावर पसरते. जगातील १०० अतिउपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. घर शेतालगत असल्यास ती लावू नये. पूर्वीच लावली असेल तर मुळांसह काढून, तुकडे उन्हात पूर्ण वाळवून मगच उकिरड्यात टाकावेत.