दाढ आणि तारीख

आमच्या डोणगावात दात दुखला की आधी लवंग, मग पेरूच्या पाल्याच्या गुळण्या आणि तेही हरलं की मेहकरचे दातांचे डॉक्टर, असा क्रम ठरलेला आहे. माझ्या खालच्या अक्कलदाढेला मात्र मेहकर गाठायला आठ महिने लागले. दोष दाढेचा नव्हता, कॅलेंडरचा होता.

लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल हवं होतं. उपचारांसाठी आम्ही अकोल्याला जातो हे घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक. बाकीच्यांसाठी ते 'बँकेचं काम'. महिन्याचे पहिले पंधरा दिवस औषधांत जायचे, पुढचे पंधरा आशेत. त्या आशेच्या दिवसांत मी पाण्याचा हंडासुद्धा उचलत नसे, मग भूल आणि एक्स-रे कुठला? पाळी आली की दोन दिवस रडण्यात जात आणि दाढ पुढच्या महिन्यावर पडे. ती हाडात आडवी होती. वरच्या हिरडीखाली अन्न अडकून पू होई, गाल सुजे.

सासूबाई म्हणत, "आता काढू नको बाई. दिवस गेले असन तं? एका लेकरामागं एक दात जातेच." त्यांना लेकरं चार आणि गेलेले दात नऊ. हिशेब जुळत नाही, हे मी बोलले नाही.

एका सकाळी तोंड उघडेना. हे कामावर गेलेले, म्हणून सासूबाईंसोबत एस.टी.नं मेहकरला गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" बाकावर गावातल्याच दोघी. मी म्हटलं, "आठवत नाही." दिवस बोटांवर मोजणारी मी! बाई समजल्या. त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सांगितलेलं असं : जबड्यापुरती भूल गरोदरपणातही देता येते. दातांच्या एक्स-रेचा झोत जबड्यावर असतो आणि गर्भाशयापर्यंत नगण्य किरणं पोचतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. तरी मनात धाकधूक असेल, तर पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या दहा दिवसांत दाढ काढावी. तेव्हा गर्भ राहिलेला असण्याची शक्यता जवळजवळ नसते. पू साठवून ठेवणं मात्र धोक्याचं, कारण दिवस गेल्यावर हिरड्या आणखी सुजतात.

सांभाळायचं ते गोळ्यांना. टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधं गरोदरपणी टाळतात, कारण बाळाच्या दातांवर डाग पडतात. आणि आयब्युप्रोफेन? मेडिकलमधून आणून मी ती महिनोन्‌महिने खात होते, तीही नेमक्या आशेच्या दिवसांत! अशा गोळ्यांनी काहींच्या बाबतीत स्त्रीबीज सुटायला अडथळा येऊ शकतो, त्या म्हणाल्या. बाळासाठी दाढ राखली आणि तिच्यापायी हे खाल्लं. खुर्चीत बसल्या बसल्या डोळे भरून आले.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून नेत नाही, हेही कळलं. दात जातात ते सुजलेल्या हिरड्यांनी, उलट्यांच्या आंबटाने आणि दुर्लक्षाने. हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा संबंध 1996 मध्ये अमेरिकेत दिसला होता, पण 2006 च्या मोठ्या चाचणीत गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करूनही अशी बाळंतपणं घटली नाहीत. दात नीट केले म्हणजे सगळं नीट होईल, असं खोटं आश्वासन बाईंनी दिलं नाही. मला ते आवडलं.

गाल उतरल्यावर, पाळीच्या सहाव्या दिवशी दाढ काढली. चाळीस मिनिटं लागली, दाढेचे दोन तुकडे करावे लागले, तीन टाके पडले.

परतीच्या एस.टी.त तोंडात कापसाचा बोळा. सासूबाई खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाल्या, "अकोल्याला बँकेत नाही जात तुमी." मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवली. "मले माहीत हाय. पुढच्या खेपेला मी बी येईन संग."

आठवडाभर त्यांनी मला ज्वारीच्या कण्या करून घातल्या. सातव्या दिवशी टाके निघाले. त्या महिन्यातही पाळी तारखेला आली. महिनाअखेरीस अकोल्याला आम्ही तिघं गेलो. बसस्टँडवर सासूबाईंनी फडक्यातली भाकरी सोडली आणि आठ महिन्यांनी मी त्या बाजूनं पहिला घास चावला.