दीड गुंठ्याचा परस

बहुतेक गावांत घराची दर्शनी बाजू सारवलेली, रंगविलेली असते. परस मात्र कोणाच्याच मालकीचा नसल्यासारखा पडून राहतो. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेथील एका वाडीतील सहा माणसांच्या कुटुंबाचा दीड गुंठ्याचा परस २०१९ साली असाच होता. फुटकी कौले, पडलेल्या जुन्या भिंतीचा राडारोडा, घाणेरीची झुडपे आणि मोरीचे साचलेले पाणी. हे पाणी उताराने शेजाऱ्याच्या भिंतीला जाऊन भिडे. त्यावरून दोन्ही घरांत बोलणे बंद झाले होते. सारा परस सपाट करून वर सिमेंटचा कोबा घालावा, असे थोरल्या मुलाने ठरविले. त्याच्या आईने एक वर्षाची मुदत मागून घेतली. प्रत्यक्षात चार वर्षे लागली.

पहिल्या वर्षी काहीच साधले नाही. जूनमध्ये पाऊस होताच जमीन वरवर खुरपून वांगी, टोमॅटो आणि मेथीचे बी टाकले गेले. परंतु त्या मातीत भिंतीचा चुना मिसळलेला होता. अशा जमिनीत लोह असूनही पिकास ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गृहिणीला वाटले, रोपांना पाणी कमी पडते आहे. म्हणून तिने पाणी वाढविले. चुनखडीच्या जमिनीत जास्त पाण्याने हा पिवळेपणा अधिकच बळावतो, आणि तसेच झाले. उरलेसुरले शेळ्यांनी खाल्ले. बी खराब निघाले, असा निष्कर्ष घरात काढण्यात आला. आपल्याकडे बियाण्याला असा दोष फार वेळा विनाकारण लागतो.

खरे काम त्या हिवाळ्यात सुरू झाले, आणि ते लागवडीचे नव्हते. चुन्याचा राडारोडा पाट्या भरभरून काढून वाटेवर पसरला. बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग रचला. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिचेच हे घरगुती रूप : वाळलेला काडीकचरा, त्यावर शेणकाला, वर मातीचा पातळ थर, आणि पुन्हा तोच क्रम. ढीग पिळून काढलेल्या फडक्याइतका ओला ठेवावयाचा आणि मधून मधून वरखाली करावयाचा. मूळ पद्धतीत राखही असते. येथे ती वगळली, कारण चुन्याच्या जमिनीत राखेची भर घालणे इष्ट नव्हते. खत तयार झाल्यावर ते, शेतातून आणलेली माती व परसातील माती मिसळून तीन गादीवाफे केले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आठवडे बाजार बंद पडले. त्या उन्हाळ्यात या तीन वाफ्यांतून राजगिरा, चवळी आणि गवार घरात आली. कोब्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

मात्र यशाने थोडी घाईही होते. जूनमध्ये मोरीजवळच्या ओलसर जागेत पपईची आठ रोपे लावली. ती जोमाने वाढली, फुलावर आली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील अतिवृष्टीत तेथे पाणी तुंबून राहिले. पपईला पाणी हवे असते, पण बुंध्याशी थांबलेले पाणी तिला मुळीच सोसत नाही. आठही झाडे बुडातून कुजून आडवी झाली. पाणी पुन्हा शेजारच्या भिंतीला लागले ते निराळेच.

वस्तुतः मोरीच्या पाण्याची व्यवस्था सर्वांत आधी व्हावयास हवी होती. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. सहा माणसांच्या घरी ते ३३० लिटर होते आणि त्यातील बराच भाग मोरीतून बाहेर पडतो. २०२१ च्या उन्हाळ्यात एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घेतला. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी. तोंडाशी बुडास भोके पाडलेले मडके बसवून त्यात काथ्या भरला. तेलकटपणा व खरकटे त्यात अडकते, आणि काथ्या अधूनमधून बदलला की खड्डा लवकर बुजत नाही. खड्ड्याभोवती थोड्या उंचवट्यावर केळी लावली आणि कडेने अळू. साबणाच्या पाण्यातील क्षार भाजीच्या वाफ्यांत साठू नयेत म्हणून ते पाणी तिकडे वळविले नाही. कोथिंबीर, मुळा यांसारखे जे कच्चे खाल्ले जाते, त्यास तर ते कदापि देऊ नये.

काट्यांच्या कुंपणालगत गिरिपुष्पाच्या फांद्या व शेवग्याचे तीन-चार फूट लांबीचे छाट रोवले. गिरिपुष्पाचा पाला वाफ्यांवर आच्छादनास आला. कागदी लिंबासाठी एक मीटरचा खड्डा घेऊन त्यात बाहेरची माती भरली, कारण चुनखडी लिंबालाही मानवत नाही. दोडक्याची पहिली फुले गळाली तेव्हा घरात पुन्हा काळजी सुरू झाली. परंतु वेलावर आधी नरफुले येतात व ती गळणारच. मादीफुलामागे इवलासा दोडका दिसतो, एवढी ओळख पटली की ही काळजी मिटते.

जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक माणसास दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचविते. सहा माणसांचे हे प्रमाण २ किलो ४०० ग्रॅम होते. या परसातून तेवढे रोज निघत नाही, आणि परसबागेने बाजार कायमचा सुटतो असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता व अळू विकत आणावे लागत नाहीत.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. गृहिणीने तीन वाफ्यांपैकी दोन मोकळे सोडून त्यांवर पाला पसरला आणि एकच वाफा राखला. दोडक्याचा वेल वाळला. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू तगले. लिंबाने तोवर फळ दिले नव्हते, तरी पाने हिरवी होती. केळीला मोरीचे पाणी मिळतच होते. तिच्या बुडाशी अरुंद पानांचे तलवारी मुनवे फुटले होते. त्यांतील तीन शेजारणीने मागून नेले. तिच्याही मोरीचे पाणी उघड्यावरच जात होते. मुनवे लावण्यापूर्वी शोषखड्डा किती खोल घ्यावा, हे विचारावयास ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.