उपचारातली चूक आणि उपचाराचे सोंग

वैद्यकीय निष्काळजीपणा आणि रुग्णावरचा लैंगिक अत्याचार एकाच तपासणीच्या खोलीत, एकाच पडद्याआड, एकाच डॉक्टरच्या हातून घडू शकतात. त्यामुळे तक्रार करणाऱ्यांची, आणि पुष्कळदा ती ऐकून घेणाऱ्यांचीही, गल्लत होते. कायदा मात्र दोन्हींकडे वेगवेगळ्या दारांनी येतो. निष्काळजीपणाच्या दाव्यात उपचार कसा झाला हे तपासले जाते. अत्याचाराच्या खटल्यात जे झाले ते मुळात उपचार होते का, हेच पाहिले जाते. कोलकात्याजवळच्या बराकपूरच्या सरकारी इस्पितळातल्या रुग्णाला आणि पुण्यातल्या खासगी नर्सिंग होममधल्या रुग्णाला हा कायदा सारखाच लागू आहे.

निष्काळजीपणाच्या बाजूचा देशातला सर्वांत गाजलेला खटला कोलकात्याचाच. अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा साहा 1998 च्या उन्हाळ्यात माहेरी-सासरी भेटीला आल्या असताना त्यांच्या अंगावर पुरळ उठले. तिथल्या नामांकित डॉक्टरांनी डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड 80 मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा टोचायला सांगितले. हे औषध शरीरात हळूहळू उतरणारे आहे, दिवसातून दोनदा देण्याजोगे नव्हे. प्रकृती ढासळत गेली. विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवल्यावर 28 मे 1998 रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर, आणि ते हटले नाहीत. एकाच घटनेतून एक फौजदारी खटला आणि एक ग्राहक तक्रार अशी दोन प्रकरणे उभी राहिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालपत्रात डॉक्टरांची फौजदारी आरोपातली निर्दोष सुटका कायम ठेवली आणि नुकसानभरपाईसाठी मात्र त्यांना व कोलकात्यातल्या रुग्णालयाला जबाबदार धरले. 2013 मध्ये भरपाईची रक्कम 5 कोटी 96 लाखांवर नेली, वर व्याज.

सामान्य वाचकाला हे विसंगत वाटते. कायद्याला वाटत नाही. भरपाईच्या दाव्यात पारडे थोडे जरी तक्रारदाराकडे झुकले तरी पुरते. तुरुंगात धाडायचे तर संशयाला जागा उरता कामा नये, आणि त्यातही डॉक्टरच्या बाबतीत चूक साधी असून भागत नाही, ती ढोबळ असावी लागते. हा दंडक 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने घालून दिला. तो खटला लुधियानाचा. श्वास अडकलेल्या वृद्ध रुग्णाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. मुलगा धावत जाऊन शेजारच्या खोलीतून दुसरा घेऊन आला, पण तो चालू करण्याची सोय नव्हती, आणि पाच-सात मिनिटे त्यातच गेली. इतके असूनही सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला, रुग्णालयाविरुद्धची भरपाईची वाट मोकळी ठेवली. डॉक्टरवर खटला भरण्याआधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये, हेही त्याच निकालात आहे.

डॉक्टरने कोणती काळजी घ्यायची याची मांडणी त्याहून जुनी आणि अस्सल मराठी मुलखातली आहे. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या वाळूत एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. लाकडी पट्ट्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला आणले. तिथे भूल न देता, माणसे लावून पाय ओढून हाड बसवले गेले, प्लास्टर चढले, आणि त्याच रात्री तो गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा, आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी. देशभरची न्यायालये अजूनही हा निकाल उद्धृत करतात. भरपाई होती 3 हजार रुपये.

या सगळ्या निकालांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: डॉक्टरचा हेतू रुग्णाला बरे करण्याचाच होता. अत्याचाराच्या कायद्यात या गृहीताला जागाच नाही. बलात्काराच्या व्याख्येला जोडलेला पहिला अपवाद सांगतो की वैद्यकीय प्रक्रिया म्हणजे बलात्कार नव्हे. 2013 मध्ये व्याख्या रुंदावली आणि शरीरात बोट किंवा वस्तू घालणेही तिच्यात आले, तेव्हा हा अपवाद गरजेचा झाला. नाहीतर प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञ आरोपी ठरला असता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये तो तसाच आहे. पण अपवादाचा आडोसा खऱ्या प्रक्रियेलाच मिळतो. घसा दुखतो म्हणून आलेल्या बाईची अंतर्गत तपासणी करण्याला वैद्यकीय कारण नसेल, तर हातात मोजे होते एवढ्याने ती प्रक्रिया होत नाही. अमेरिकेतला जिम्नॅस्ट मुलींचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षे हेच सांगत राहिला की आपण करतो तो उपचारच आहे. 2018 च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयाने त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा सुनावली.

संमतीचेही तसेच. तपासणीला दिलेला होकार तपासणीपुरता असतो. शस्त्रक्रियेत संमतीपलीकडे जाऊन काही केले तर भरपाई द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली निकालात ठरवले. तिथे प्रश्न हेतूचा नव्हता, परवानगीचा होता. लैंगिक स्पर्शाच्या बाबतीत गैरसमजुतीतून मिळालेला होकार हा होकारच धरला जात नाही. कलम 68 तर आणखी पुढे जाते. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने आपल्या पदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधाला राजी केले, तर तो बलात्कार नसला तरी 5 ते 10 वर्षे सक्तमजुरी आहे. ‘ती तयार होती’ हा बचाव तिथे कामी येत नाही.

पदाचा गैरफायदा हा वेगळा गुन्हा का झाला, याची कथा कोणत्याही रुग्णालयातली नाही. ती सुरू होते आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथे एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ती उलटवली: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उठले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाणे, तुरुंग, सुधारगृह यांच्या जोडीला त्या दुरुस्तीने रुग्णालयही घातले. जिथे एकाच्या हाती अधिकार आणि दुसऱ्याचे शरीर त्याच्या ताब्यात, तिथे विरोधाच्या खुणा मागायच्या नाहीत, हा त्यामागचा विचार. रुग्णशय्येला हा विचार कोठडीइतकाच लागू पडतो, हे कायदेमंडळाने तेव्हाच ओळखले, याचे श्रेय द्यायला हवे.

आज कलम 64(2) प्रमाणे रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने त्या रुग्णालयातल्या स्त्रीवर केलेल्या बलात्काराला किमान 10 वर्षे, कमाल जन्मठेप आहे. संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पीडित मूल असेल तर बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याखाली किमान 20 वर्षे. शेजारी निष्काळजीपणाचे आकडे ठेवले की अंतर दिसते: मृत्यू ओढवला तरी नोंदणीकृत डॉक्टरला कमाल 2 वर्षे. इतरांना अशाच गुन्ह्याला 5 वर्षे आहेत. ही सवलत 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेने दिली.

फरक पोलीस ठाण्याच्या टेबलापासूनच जाणवतो. ललिताकुमारी निकालाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, पण वैद्यकीय निष्काळजीपणात आधी प्राथमिक चौकशी करता येते. बलात्काराच्या गुन्ह्यात ही पळवाट नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि नोंद टाळणाऱ्या पोलिसालाच किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. म्हणून ‘आधी डॉक्टरांच्या समितीचे मत येऊ द्या’ हे उत्तर निष्काळजीपणाच्या तक्रारीला योग्य आणि अत्याचाराच्या तक्रारीला बेकायदा ठरते. मुदतीचे गणितही उलटसुलट. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. बलात्काराला आणि विनयभंगाच्या मुख्य कलमाला मुदतच नाही. भरपाईचा वाद तडजोडीने मिटवता येतो, बलात्काराचा खटला नाही. साहा खटल्यात सगळी नावे जाहीर आहेत. अत्याचारात पीडितेचे नाव छापणे हाच गुन्हा.

संस्थेची जबाबदारी हा मात्र दोन्हींना जोडणारा दुवा. नोकराच्या चुकीबद्दल रुग्णालय भरपाई देते यात वाद उरलेला नाही. नोकराने गुन्हा केला तर ‘हे त्याचे काम नव्हते’ असे म्हणून मालक अंग काढून घेऊ पाहतो. हावड्याच्या रेल्वे यात्रीनिवासात 1998 मध्ये एका बांगलादेशी महिलेवर अत्याचार झाला, त्यात रेल्वेचे कर्मचारीही होते. रेल्वेने नेमके असेच म्हटले. चंद्रिमा दास या वकील महिलेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने 10 लाखांची भरपाई दिली आणि 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सरकारी इस्पितळाविरुद्ध हाच दाखला पुढे करता येतो.

तिसरे दार मेडिकल कौन्सिलचे. 2002 च्या आचारनियमांत पदाचा गैरवापर करून रुग्णाशी केलेले अनुचित वर्तन हा शिस्तभंग आहे. परवाना निलंबित होऊ शकतो, कायमचा जाऊही शकतो. कौन्सिल भरपाई देत नाही, तुरुंगातही पाठवत नाही. पुरुष रुग्णाच्या वाट्याला मात्र पोकळीच येते: जुन्या दंडविधानातले कलम 377 न्याय संहितेत आलेच नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावरच्या लैंगिक अत्याचाराला मारहाण, दुखापत अशी सामान्य कलमेच लावावी लागतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर पोक्सो आहे.

बराकपुरात छावणी आणि हवाई दलाचा तळ असल्याने लष्करी रुग्णालयांचाही प्रश्न येतो. मोफत उपचार म्हणून ग्राहक कायदा लागत नाही, असा समज तिथे असतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सांब्याच्या लष्करी इस्पितळात दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची बाधा झालेल्या हवाई दलाच्या माजी सैनिकाला सुमारे 1 कोटी 54 लाखांची भरपाई देऊन तो समज मोडला.

प्रत्यक्षात काय हाती ठेवायचे, तेही दोन्हींकडे वेगळे. निष्काळजीपणात पुरावा कागदावर असतो: केसपेपर, औषधांचा तक्ता, भूल दिल्याची नोंद. ते लेखी मागितल्यावर 72 तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि तक्रार उत्तर चोवीस परगणा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाते. अत्याचारात पुरावा अंगावर आणि कपड्यांवर असतो. कपडे न धुता, वाळवून, कागदी पिशवीत ठेवायचे. तपासणी दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात मोफत होते, आणि एफआयआर बराकपूर आयुक्तालयाच्या ठाण्यातच नव्हे, गाडीत बसून ज्या गावी उतराल तिथल्या ठाण्यातही नोंदवता येतो.