‘अभेद्य’ या शब्दाचा अर्थ : संमिश्र चिलखतांची चाचणी आणि प्रतिमाने

‘बुलेटप्रूफ’ या शब्दातील उत्तरपद मराठी वाचक ‘रोधक’ या अर्थाने घेतो. मुळात ‘प्रूफ’ म्हणजे परीक्षा. पारखणे या अर्थाच्या ‘प्रोबारे’ या लॅटिन क्रियापदाकडे त्याचे मूळ जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील चिलखतकार तयार उरस्त्राणावर पिस्तुलाची किंवा मस्केटची गोळी झाडीत, आणि पत्र्यावर उरलेला खळगा हाच त्या मालाचा दाखला मानला जाई. म्हणजे या वस्तूची अमुक शस्त्राने परीक्षा झालेली आहे, एवढेच तो शब्द सांगत होता. आपण त्याचे ‘अभेद्य’ करतो तेव्हा परीक्षा गळून पडते आणि आश्वासन तेवढे उरते. (भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेने आय. आय. टी. दिल्लीच्या सहकार्याने तयार केलेल्या जाकिटांना २०२४ मध्ये ‘अभेद’ हे नाव दिले. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. संस्कृतज्ञाला मात्र ते ऐकून गोळीऐवजी अद्वैत आठवेल.)

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरण्याचे कारण हेच की, येथे परिभाषेचा प्रश्न आणि प्राणांचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ‘गोळी थांबली’ हे दिसावयास साधे वाक्य नेमके केव्हा खरे मानावयाचे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम रचना पाहू. रायफलीच्या चिलखतभेदी गोळीसाठी केलेल्या चिलखतात पुढे कठीण सिरॅमिकची फरशी असते आणि तिच्या पाठीशी केव्हलारसारख्या तंतूंचे राळेने बांधलेले थर. १०.८ ग्रॅमची अशी गोळी सेकंदाला ८७८ मीटर वेगाने येते, तेव्हा तिची ऊर्जा सुमारे ४,१६० ज्यूल भरते. सिरॅमिकचे काम गोळीतील पोलादी गाभा बोथट करणे व फोडणे हे असते. ते करताना सिरॅमिक स्वतःही शंकूच्या आकारात फुटते आणि त्यामुळे आघात मागच्या मोठ्या क्षेत्रावर पसरतो. तंतूंमधून ताणाची लहर सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने दोहोंकडे धावते. जेवढा लांब तंतू वेळेत कामाला लागेल तेवढी ऊर्जा तो शोषून घेईल. थर परस्परांपासून सुटतात, त्यातही काही ऊर्जा खर्ची पडते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आटोपतो.

आता निकाल कसा द्यावयाचा? अमेरिकन लष्करी परंपरेत याच्या तीन निरनिराळ्या कसोट्या आढळतात. भूदलाच्या कसोटीप्रमाणे चिलखताच्या मागील बाजूने गोळी किंवा भोकातून येणारा उजेड दिसला की ‘पूर्ण भेदन’ झाले. नौदलाच्या कसोटीला गोळी संपूर्णपणे पलीकडे जावी लागते. तिसरी संरक्षणाची कसोटी: चिलखतामागे सुमारे १५ सेंटिमीटरवर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा ‘साक्षीपत्रा’ उभा करतात, आणि गोळीच्या किंवा चिलखताच्या तुकड्याने त्याला भोक पडले तर भेदन पूर्ण. एकाच गोळीविषयी तीन कसोट्या तीन निकाल देऊ शकतात, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. शिवाय जे भेदन पूर्ण नाही त्याला ‘आंशिक भेदन’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो चिलखताचा विजय. पण मराठी वाचक त्यास पराभव समजेल. माझ्या मते ‘पार गेली’ आणि ‘पार गेली नाही’ हे साधे शब्दच येथे बरे.

दुसरी अडचण संख्येची. समजा, वेग बदलत सहा गोळ्या झाडल्या. ४७०, ४७८ आणि ४८९ मीटर वेगाच्या गोळ्या थांबल्या; ४८१, ४९० आणि ४९६ वेगाच्या पार गेल्या. ४८९ ची थांबली आणि तिच्याहून मंद असलेली ४८१ ची पार गेली, याचे नवल वाटावयास नको. विणीत गोळी कोठे पडली, ती किंचित कलली होती काय, अशा बाबींवर निकाल हेलकावतो. सहांची सरासरी ४८४ येते. तिला ‘व्ही-५०’ म्हणतात, म्हणजे जेथे पार जाण्याची शक्यता निम्मी असते तो वेग. दोन कापडांची तुलना करावयास ही संख्या उत्तम. पण जाकीट घालणाऱ्याला निम्म्या शक्यतेशी काय कर्तव्य? त्याला शून्याच्या जवळचा वेग हवा असतो, आणि तो सहा गोळ्यांत सापडत नाही. एकाच वेगाने वीस गोळ्या झाडल्या व एकही पार गेली नाही, तरी संख्याशास्त्र ९५ टक्के विश्वासपातळीवर इतकेच म्हणू देते की, पार जाण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांहून अधिक नाही.

गोळी थांबूनही चिलखत आत दबते आणि बरगड्या मोडू शकतात. म्हणून जाकिटामागे तेलकट माती ठेवून खळग्याची खोली मोजतात. अमेरिकन मानकात तिची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. माती ही येथे शरीराची उपमा आहे, आणि उपमेला असतात त्या सर्व मर्यादा तिलाही आहेत.

प्रतिमानांचा प्रवेश येथे होतो. रेख्ट आणि इप्सन यांनी १९६३ मध्ये दिलेले समीकरण ऊर्जा व संवेग यांच्या साध्या हिशेबावर गोळीचा उरलेला वेग सांगते. त्याच दशकात लिव्हरमोर येथे मार्क विल्किन्स यांनी सिरॅमिक चिलखतातील आघाताची गणना संगणकावर केली. आज वस्तूचे लक्षावधी घटक पाडून प्रत्येकाचा ताण क्षणाक्षणाला काढता येतो. सिरॅमिकसाठी जॉन्सन व होल्मक्विस्ट यांचे १९९४ चे प्रतिमान बहुधा वापरतात. त्यात हानी शून्यापासून एकापर्यंत वाढते आणि त्याप्रमाणे पदार्थाचे बळ घटत जाते. परंतु दाबाखाली चुरा झालेल्या सिरॅमिकचे बळ प्रत्यक्ष मोजणे फार दुष्कर असते. मग चाचणीतील खळगा जुळेपर्यंत तो अंक बदलत राहतात. कोणता घटक केव्हा हिशेबातून वगळावयाचा, ही मर्यादाही पुष्कळदा अशीच ठरते. एका ग्रंथावरून व्याकरणाचा नियम बांधावा आणि त्याच ग्रंथातील उदाहरणे त्याच्या समर्थनार्थ द्यावीत, तसा हा प्रकार होय. निराळ्या जाडीच्या फरशीवर किंवा तिरप्या आघाताला, अंक न बदलता, उत्तर बरोबर आले तरच प्रतिमानाला काही कळते असे म्हणता येईल.

तथापि प्रतिमान बरोबर असूनही फसवू शकते. १९९९ मध्ये कनिफ यांनी तंतूची ताकद, ताण, घनता व लहरीचा वेग यांवरून एकच अंक काढण्याची रीत मांडली. तीनुसार केव्हलार-२९ चा अंक सेकंदाला सुमारे ६२५ मीटर येतो, तर झायलॉन या नावाने विकल्या जाणाऱ्या पी. बी. ओ. तंतूचा ८१३. झायलॉनची हलकी जाकिटे चाचण्या उत्तीर्ण झाली. २००३ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील फॉरेस्ट हिल्स येथे अशाच एका जाकिटातून, जी गोळी त्याने थांबवावयाची तीच पार गेली. सुदैवाने तो पोलीस अधिकारी वाचला. मग अमेरिकेच्या न्यायखात्याच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस’ या संस्थेने वापरलेली १०३ जाकिटे तपासली व २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा-सहा गोळ्यांच्या चाचणीत ६० जाकिटांतून निदान एक गोळी पार गेली. सर्व कसोट्यांना उतरली ती अवघी चार. ओलाव्याने तंतूच्या रेणूतील वलये तुटत होती. कनिफ यांच्या सूत्रात चूक नव्हती. त्यात काळ हे पदच नव्हते.

२००८ च्या सुधारित अमेरिकन मानकात म्हणून जाकिटे गोळीबारापूर्वी ६५ अंश सेल्सिअस तापमानात व ८० टक्के आर्द्रतेत दहा दिवस, सुमारे ७२,००० फेऱ्या, फिरत्या पिंपात घोळविण्याची अट घातली गेली. या घोळणीवरून जाकिटाचे आयुष्य वर्तविता येणार नाही, हेही त्याच मानकात नमूद आहे.