चष्मा आला, अपूर्णांक राहिले

सामुदायिक शाळांबद्दल, म्हणजे शिकवण्यासोबत मुलांना लागणाऱ्या इतर सेवाही जिथे मिळतात अशा शाळांबद्दल, साताऱ्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय, त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. "दवाखाना, समुपदेशक, संध्याकाळचं जेवण, सगळं शाळेत आलं. पण मुलाला भागाकार यायला लागला का?"

न्यूयॉर्कपुरतं उत्तर देता येतं. तिथे शहराने २०१४ साली सामुदायिक शाळांची योजना जाहीर केली आणि २०२० मध्ये रँड या संशोधन संस्थेने तिचा हिशोब मांडला. हजेरी वाढली. गणितात फरक दिसला, पण तिसऱ्या वर्षी. वाचनात ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. मुलं शाळेत येऊ लागली हेही मोठंच आहे, पण बाईंचा प्रश्न त्याने मिटत नाही.

मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती चष्म्याची गोष्ट. बाल्टिमोरमध्ये २०१६ पासून शाळेतच मुलांचे डोळे तपासून मोफत चष्मे द्यायला सुरुवात झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मंडळींनी त्याचा अभ्यास केला. कोणत्या शाळांना चष्मे आधी, कोणत्यांना नंतर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे तुलना चोख व्हावी. तिसरी ते सातवीची २,३०४ मुलं. पहिल्या वर्षी वाचनाचे गुण वाढले, धाकट्या वर्गांत गणिताचेही. सर्वांत जास्त फायदा झाला तो वर्गात मागे पडलेल्या मुलांना. भिंगाच्या दोन काचांनी हे साधलं, याचा मला फार आनंद झाला होता.

पण दुसऱ्या वर्षी तो फायदा टिकला नाही. चष्मे फुटले असतील, हरवले असतील, मुलं ते घालेनाशी झाली असतील, असा संशोधकांचा अंदाज. पटतो. मुलाच्या दप्तरात चष्मा किती दिवस टिकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून चष्मा देऊन काम संपत नाही. तो आज नाकावर आहे का, हे रोज बघणारं माणूस लागतं, आणि ते वर्गशिक्षकाखेरीज दुसरं कोण असणार?

मला मात्र आणखी एक कारण दिसतं, ते माझ्याच शाळेतलं. पाचवीत मला फळ्यावरचं दिसत नसे. मी शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घ्यायचो. त्याने छेद खोडला की मी खोडायचो, का खोडला ते कळायचं नाही. सहावीत चष्मा आला. फळा लख्ख दिसू लागला आणि त्यावरचं काहीही समजेना. चष्म्याने पुढचं दिसतं, मागचं राहिलेलं भरून निघत नाही.

सामुदायिक शाळेत सेवांची मोट बांधायला समन्वयक असतो. न्यूयॉर्कच्या शाळांत तो दर आठवड्याला बैठक घेतो, हजेरीपट समोर ठेवून एकेका मुलाबद्दल बोलणं होतं. माझा आग्रह एवढाच, की त्या बैठकीत गणिताच्या बाई बसलेल्या असाव्यात. 'अमक्याला चष्मा मिळाला' या नोंदीशेजारीच 'त्याचे अपूर्णांक राहिलेत, मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर' हेही लिहिलं जावं. शाळा संध्याकाळी उघडी असतेच. त्या तासांत नुसते खेळ आणि चित्रकला न ठेवता दिवसा शिकवणाऱ्या बाईंनी आखलेला अभ्यास ठेवला, तर साताऱ्याच्या बाईंच्या भागाकाराला वाट मिळते.

माझ्या नशिबात तशी बैठक नव्हती. एक बाई होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्यासमोर मोडली. आधी अर्धी, मग पाव, मग त्या पावाचे दोन तुकडे. "आता सांग, अशा किती तुकड्यांची अख्खी भाकरी होईल?" मी आठ म्हणालो आणि त्यातले दोन त्यांनी माझ्या हातावर ठेवले.