दस्तऐवजांचे परदेशी प्रमाणीकरण

एका देशातील अधिकाऱ्याने दिलेला दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा, यासाठी त्यावरील सही, सही करणाऱ्याचे अधिकारपद आणि मुद्रा यांच्या खरेपणाबद्दल घेतलेली अधिकृत ग्वाही म्हणजे परदेशी प्रमाणीकरण होय. दाखल्यातील मजकूर खरा आहे, असे मात्र तीवरून सिद्ध होत नाही. हा भेद सामान्यतः लक्षात घेतला जात नाही.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड येथे जन्मलेल्या व्यक्तीस तेथील नगरपरिषदेचा निबंधक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्मदाखला देतो. त्याची सही गावात ओळखीची असली, तरी लिस्बनमधील अधिकाऱ्यास ती ओळखणे शक्य नसते. म्हणून राज्य शासनाने नेमलेला अधिकारी निबंधकाच्या सहीबद्दल आणि केंद्रीय परराष्ट्र व्यवहार मंत्रालय त्या अधिकाऱ्याच्या सहीबद्दल ग्वाही देते. पूर्वी यानंतर संबंधित देशाच्या वकिलातीचीही ग्वाही लागे व त्यात वेळ आणि पैसा खर्च होई. पदवी-प्रमाणपत्रांसाठी राज्याचा शिक्षण विभाग, तर व्यापारी कागदपत्रांसाठी वाणिज्य मंडळ ही पहिली पायरी असते.

ही शेवटची पायरी वगळण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९६५ मध्ये अंमलात आला. त्यानुसार मूळ देशाचा नियुक्त अधिकारी दस्तऐवजास ‘अपॉस्टिल’ नावाचे चौकोनी प्रमाणपत्र जोडतो. त्याचे शीर्षक फ्रेंचमध्येच असावे लागते व त्यात दहा क्रमांकित बाबी असतात. प्रत्येक अपॉस्टिलची नोंद ठेवणे बंधनकारक असल्याने परदेशी कार्यालयास त्याची पडताळणी करता येते. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. सौदी अरेबियात तो २०२२ मध्ये, चीनमध्ये २०२३ मध्ये व कॅनडात २०२४ मध्ये लागू झाला. कुवेत व संयुक्त अरब अमीराती २०२४ अखेर करारात नव्हते. अशा देशांसाठी वकिलातीची पायरी उरतेच.

दाखला व पारपत्र यांतील नावांत किंवा गावाच्या रोमन वर्णलेखनात तफावत असल्यास अपॉस्टिलने ती दूर होत नाही; दुरुस्ती मूळ नोंदीतच करून घ्यावी लागते. मराठी दाखल्याचे खासगी भाषांतर हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे. त्यावरील सहीचे लेखप्रमाणकाकडून (नोटरी) प्रमाणन झाल्यावरच त्यास स्वतंत्र अपॉस्टिल मिळू शकते.

जर्मनीने भारताच्या प्रवेशास आक्षेप घेतल्यामुळे या दोन देशांदरम्यान करार लागू झाला नाही. तेथील कार्यालयास भारतीय दाखल्याची खातरजमा हवी असल्यास जर्मन वकिलातीमार्फत स्थानिक चौकशी करविली जाते. या पद्धतीत वेळ अधिक लागतो. परंतु तीत केवळ सही न पाहता, दाखला ज्या नोंदवहीवरून दिला गेला, त्या नोंदवहीतील मजकुराशी तो ताडून पाहता येतो.