मिनिटाच्या पोटातला ‘बारीक’

इंग्रजीत एक शब्द असा आहे, की तो मोठ्याने वाचण्याआधी अख्खं वाक्य नजरेखालून घालावं लागतं. एम-आय-एन-यू-टी-ई. ‘वेट अ मिनिट’मध्ये ते नाम, उच्चार ‘मिनिट’. धुळीच्या अतिसूक्ष्म कणांबद्दल बोलताना तेच विशेषण होतं आणि उच्चार होतो ‘माय्न्यूट’. नामात जोर सुरुवातीला, विशेषणात शेवटी. अक्षरं तीच, पण शब्दाची जात बदलली की आवाजच बदलतो!

दोन्ही एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘मिनुटुस’ म्हणजे बारीक केलेलं. खगोल मोजणारे जुने पंडित अंशाचे साठ भाग करत. अशा एका भागाला म्हणत ‘पार्स मिनुटा प्रिमा’, पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की ‘पार्स मिनुटा सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. पहिल्या नावातलं ‘बारीक’ उरलं, ते मिनिट. दुसऱ्यातलं ‘दुसरा’ उरलं, तो सेकंद. अंशांची ही नावं पुढे वेळेलाही लागली. आपल्या मनगटावरची ही दोन्ही नामं मुळात विशेषणं होती.

उलटा प्रवासही घडला. स्कॉटलंडमध्ये चिमुकल्याला ‘वी’ म्हणतात. आज हे विशेषण आहे. पण त्याचं मूळ वजन या अर्थाच्या जुन्या नामात आहे. ‘मिनिएचर’चा तर लहान असण्याशी मुळात संबंधच नव्हता. हस्तलिखितं रंगवायला ‘मिनिअम’ नावाचा शिशाचा लाल रंग वापरत, म्हणजे आपला शेंदूर. त्यावरून पोथीतल्या चित्रांना ‘मिनिएचर’ नाव पडलं. चित्रं इवलीशी असायची, म्हणून हळूहळू इवलीशी कुठलीही वस्तू मिनिएचर झाली आणि नामाचं विशेषणही झालं.

सगळ्यात चकवा देतो तो ‘लिटल’. ‘अ लिटल हाउस’मध्ये विशेषण, ‘ही स्लेप्ट लिटल’मध्ये क्रियाविशेषण, ‘लिटल इज नोन’मध्ये सर्वनाम. अंगावर कसलीच खूण नाही. जुन्या इंग्रजीत विशेषणांना लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे प्रत्यय लागत. मध्ययुगात ते झडले आणि ओळख पटवायचं काम शब्दाच्या जागेवर आलं.

मराठीत ‘छोटा, छोटी, छोटे’ हे शेपूट हलवूनच सांगतात, की आम्ही विशेषणं. पण ‘थोडं’ बघा. ‘थोडं पाणी दे’, ‘थोडं थांब’, ‘थोडं उरलंय’: पहिलं पाण्याबद्दल सांगतं, दुसरं थांबण्याबद्दल, तिसरं स्वतःच कर्ता होऊन बसलं आहे. लिटलच्या तिन्ही करामती आपला ‘थोडं’ रोज करतो, आणि आपल्याला कधी अडायला होत नाही.

म्हणून इंग्रजी वाचताना अडलात, तर आधी एकच विचारा: हा शब्द कोणाबद्दल सांगतोय? वस्तूबद्दल असेल तर विशेषण, क्रियेबद्दल असेल तर क्रियाविशेषण, आणि स्वतःच वस्तूच्या जागी बसला असेल तर नाम किंवा सर्वनाम. सराव स्वयंपाकघरातही होतो. ‘बारीक कांदा घे’ आणि ‘कांदा बारीक चीर’ यांतले दोन ‘बारीक’ वेगळे ओळखता आले, की ‘स्मॉल अनियन’ आणि ‘चॉप इट स्मॉल’ तुम्हाला आलंच.